तीनदा फॉरमॅट मारला, तरी व्हायरस परत! (आणि अँटिव्हायरस कुठला घ्यावा?)

रामबागची_मेघना · ७ डिसेंबर
नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आली आहे म्हणून हा धागा.

बाबांचा (वय ७४) डेस्कटॉप आहे. विंडोज १०, आठ जीबी रॅम, सहा वर्षं जुना. काम काय, तर गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे हिशेब, स्तोत्रांच्या पीडीएफ, आणि एक एक्सेल, ज्यात नात्यातल्या आणि ओळखीतल्या झाडून सगळ्यांचे वाढदिवस आहेत. रोज सकाळी ती उघडायची आणि फोन लावायचे, हा त्यांचा नेम.

दिवाळीनंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. खाली उजव्या कोपऱ्यात सारखी खिडकी येते, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, संरक्षण संपले". क्रोममध्ये काही शोधलं की गूगलऐवजी भलतंच पान. आणि पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. (दोन म्हटलं आणि तीन झाल्या, असू दे.)

जेल रोडच्या एका दुकानात नेला. फॉरमॅट, पाचशे रुपये. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानदाराने पुन्हा फॉरमॅट केला आणि वर म्हणाला, "मॅडम, हार्डडिस्क में घुस गया है, नई डलवा लो." तिसऱ्यांदा भाच्याने केला. आता त्यात एक विकतचा आणि एक फुकटचा असे दोन अँटिव्हायरस आहेत. बाबा बटण दाबून अंघोळीला जातात, येऊन अथर्वशीर्ष म्हणतात, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो.

प्रश्न दोनच. फॉरमॅट करूनही जिवंत राहणारा व्हायरस असतो का? आणि अँटिव्हायरस कुठला घेऊ?

तिरकस
लिनक्स टाका.

पोहे_जिलेबी
आला! मी पैज लावली होती की पहिलाच प्रतिसाद हा असेल. ७४ वर्षांच्या माणसाला लिनक्स? त्यापेक्षा त्यांना जिरावन (आपला इंदुरी मसाला) नसलेले पोहे द्या, कमी त्रास होईल.

कोथरूडकर
क्विक हील घ्या आणि मोकळे व्हा. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या दोन भावांनी उभी केलेली कंपनी. थोरला कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा, धाकट्याने कॉलेजात शिकता शिकता व्हायरस काढायचा प्रोग्रॅम लिहिला. २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. आपल्या माणसाला पैसे गेले तर काय वाईट? शिवाय अडलं तर फोनवर मराठीत बोलता येतं.

नट_बोल्ट
कोथरूडकर, काटकर बंधूंबद्दल आदर आहेच. पण कोणत्या आजाराला कुठलं औषध, हे ठरायच्या आधीच तुम्ही औषधाचं दुकान सांगताय.

मेघनाताई, मी इंदुरातच हे काम करतो, म्हणून आधी थोडी चौकशी. १) दुकानदाराने फक्त सी ड्राइव्ह पुसला की डी पण? २) फॉरमॅटनंतर क्रोममध्ये बाबांच्या जीमेलने साइन इन केलं होतं का? ३) तो पेन ड्राइव्ह आणखी कुठे कुठे लागतो? ४) त्या खिडकीवर फोन नंबर आहे का, आणि बाबांनी तो लावला का? चौथ्याचं उत्तर बाबांना न रागावता काढा.

लष्कर_ग्वाल्हेर
ताई, तुमचा व्हायरस निदान जाहिराती तरी दाखवतोय. माझी गोष्ट ऐका.

आमचा लष्कर भागात फोटो स्टुडिओ आहे. २०१९ च्या लग्नसराईत एका पोराने फोटोच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरटी युक्ती, उतरवला. तो चालेना म्हणून सूचनेत लिहिल्याप्रमाणे अँटिव्हायरस बंद केला. म्हणजे घराला कुलूप होतं, आम्हीच किल्ली काढून चोराच्या हातात दिली. संध्याकाळी सगळ्या फोटोंच्या नावांना नवीन शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. खंडणीतसुद्धा सेल!

हा स्टॉप नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्यालाच डीजेव्हीयू म्हणतात. व्हायरस काढायला दहा मिनिटं लागली. फाइली मात्र कुलूपबंदच. हे कळायला मला दोन दिवस लागले. चोर घरातून गेला म्हणून त्याने लावलेलं कुलूप निघत नाही. एम्सिसॉफ्ट कंपनीने त्याच ऑक्टोबरात मोफत चावी काढली, पण ती जुन्या प्रकारांना आणि ज्यांच्या फाइली 'ऑफलाइन' (अनेकांना एकच) चावीने बंद झाल्या होत्या त्यांना. आमची 'ऑनलाइन' (प्रत्येकाला वेगळी) निघाली. फोटो गेले. व्हिडिओ मात्र बरेच वाचले. हा रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच बंद करतो. मोठ्या व्हिडिओत तेवढं डोकं उडालं तरी धड शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्याचा दुसरा चांगला व्हिडिओ नमुन्याला देऊन ते डोकं नव्याने बसवता येतं.

पैसे दिले नाहीत. अकरा घरी जाऊन हात जोडले. एका नवरीच्या आईने चहा दिला, बाकी ठिकाणी पाणीही मिळालं नाही.

सरिता_देवास
बाप रे. लष्करदादा, कुणावर अशी वेळ आलीच तर चावी शोधायला 'नो मोअर रॅन्सम' हे ठिकाण आहे ना? डच पोलीस आणि युरोपोलने २०१६ मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
हो, तिथेच समजलं की आमची चावी नाही. पण बंद फाइली फेकू नका. एका डिस्कवर टाकून कपाटात ठेवा, कधी कधी चाव्या उशिरा बाहेर येतात. आमच्या अजून कपाटात आहेत.

जुनाखोड
तुमचा तो फॉरमॅटला न जुमानणारा व्हायरस वाचून जुने दिवस आठवले. मी १९९० च्या सुमारास देवासच्या एका कारखान्यात संगणक खात्यात होतो. तेव्हा 'जोशी' नावाचा व्हायरस होता. थट्टा नाही. जून १९९० मध्ये तो पहिल्यांदा भारतातच सापडला. फ्लॉपीतून यायचा आणि बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कचा जो भाग सर्वांत आधी वाचलं जातो तिथे, बसायचा. वर्षभर गुपचूप. ५ जानेवारीला मशीन लावलं की पडद्यावर हुकूम, 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा! ते टाइप करेपर्यंत यंत्र ढिम्म हलत नसे.

आमच्या हिशेब खात्यातल्या बाईंनी घाबरून प्रत्यक्षातल्या जोशीसाहेबांना बोलावून आणलं. त्यांचा वाढदिवस जुलैत.

सांगायचा मुद्दा असा की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारून तो जात नसे, मेमरीत टिकून राहायचा. मशीन पूर्ण बंद करायचं आणि खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या, म्हणजे काही लिहिता न येणाऱ्या, स्वच्छ फ्लॉपीवरून उठवायचं. आम्ही तिला सोवळ्यातली फ्लॉपी म्हणत असू. ज्या विंडोजमध्ये किडा बसलाय त्याच विंडोजला किडा शोधायला सांगणं म्हणजे चोरालाच गस्त घालायला लावणं.

जोशीबुवा
या धाग्यावर माझ्या घराण्याची बदनामी चालू आहे. तीव्र निषेध.

रामबागची_मेघना · ८ डिसेंबर
जोशीबुवा 😄

नट_बोल्ट, उत्तरं. १) फक्त सी. डी मध्ये बाबांचं सगळं आहे म्हणून आम्हीच हात लावू दिला नाही. २) हो, तिन्ही वेळा, पहिल्याच दिवशी. पासवर्ड सगळे तिथेच आहेत ना. ३) कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. मंडळाची पत्रकं तिथेच छापतात. ४) लावला होता. मला आत्ता कळलं. समोरच्याने एक ॲप उतरवायला लावून पडदा बघितला, काळ्या खिडकीत काहीतरी भराभर पळवून दाखवलं आणि कार्ड मागितलं. ओटीपी म्हटल्याबरोबर बाबांनी फोन आपटला. पैसे गेले नाहीत. आता ते माझ्याशी बोलत नाहीयेत, कारण मी रागावले.

पोहे_जिलेबी
२०१९ मध्ये आपल्याच इंदुरात अशी कॉल सेंटरं पकडली होती भिया, आठवतंय? अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना सरकारी अधिकारी बनून फोन करायचे. आता देशी बनावट देशातच खपतेय.

नट_बोल्ट
बस्स, सगळं जुळलं. हा एक व्हायरस नाहीच, तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत. एकच समजून तुम्ही तीनदा एकच उपाय केला.

पहिली, ती खिडकी. तो बहुतेक व्हायरसच नाही. कुठल्या तरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं, बाबांनी 'अलाउ' दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा, अनोळखी नावं काढून टाका. अँटिव्हायरसला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी ती तुम्हीच दिलेली परवानगी आहे.

दुसरी, भलतं पान. ते एक्स्टेन्शनचं, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमचं काम. आणि फॉरमॅटनंतर परत येण्याचं कोडं इथेच आहे. एक्स्टेन्शन संगणकात नाही, बाबांच्या गूगल खात्यात बसलंय. संगणक धुऊनपुसून लख्ख करा, साइन इन केलं की सिंक, म्हणजे खात्यातलं सगळं संगणकावर उतरवणारी सोय, ते पुन्हा आणून बसवतं. तुम्ही घर झाडताय, तो पाहुणा पोस्टाने येतोय. सिंक चालू असतानाच काढा, म्हणजे खात्यातूनही जाईल. 'सगळ्या साइटवरचा सगळा डेटा वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागणारं प्रत्येक एक्स्टेन्शन संशयित धरा. चांगलं एक्स्टेन्शनही पुढे बिघडतं बरं. 'द ग्रेट सस्पेंडर' किती लोकप्रिय होतं! २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं.

तिसरी, शॉर्टकट. हा मात्र खरा किडा, वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात पसरत जाणारा. तुमची खरी फोल्डरं कुठे गेलेली नसतात, तो ती लपवतो आणि जागी शॉर्टकट ठेवतो. डबल-क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, मग फोल्डरही उघडतं, म्हणून शंका येत नाही. डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर एक उरला तरी क्लिकसरशी पुन्हा पहिल्यापासून.

आणि तुमचा मूळ प्रश्न. फॉरमॅटनंतर टिकणारे व्हायरस आहेत. २०१८ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने लोजॅक्स शोधला, तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घर करायचा. पण ती हेरगिरीची हत्यारं, सरकारी कार्यालयांवर सोडलेली. रामबागेतल्या वाढदिवसांच्या एक्सेलसाठी एवढा खर्च कोणी करत नाही. हार्डडिस्क बदलू नका.

तिरकस
पोस्टाने येणारा पाहुणा लिनक्सवरच्या क्रोममध्येही येईल, हे मान्य करतो. शॉर्टकटवाला येणार नाही.

सरिता_देवास
लपलेली फोल्डरं परत कशी आणायची तेही सांगा. माझ्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट असाच 'गेला' म्हणून आम्ही रात्रभर पुन्हा केला होता. आता कळतंय की तो तिथेच होता.

नट_बोल्ट
फोनवर सांगतो तसंच लिहितो. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पेन ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर. मग ॲट्रिब, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी. एंटर. सगळं दिसू लागेल. काही वेळा एक बिननावाचं फोल्डर उगवतं, खऱ्या फाइली त्यात असतात. शॉर्टकट आणि व्हीबीएस शेपटीची फाइल दिसली तर उडवा. पण हे संगणक साफ झाल्यावर करा, नाहीतर पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच.

मेघनाताई, तुमचा क्रम असा. नेट काढा. त्या फोनवाल्याने टाकलेलं ॲप अनइन्स्टॉल करा. दोन्ही अँटिव्हायरस काढा. एका म्यानात दोन तलवारी, म्हणूनच अथर्वशीर्ष पूर्ण होतंय. मग नेट जोडा, डिफेंडर (विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस) अद्ययावत होऊ द्या आणि विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. संगणक बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. जुनाखोडकाकांची सोवळ्यातली फ्लॉपी, तीच. मग डी ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्हचं पूर्ण स्कॅन. वर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती एकदा चालवा. शेवटी जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण *दुसऱ्या* यंत्रावरून.

अजून एक. दुकानदाराने विंडोज खरं टाकलं की ॲक्टिव्हेटर (चोरटं विंडोज खरं भासवणारा प्रोग्रॅम) मारून? डिफेंडरमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादी बघा.

जुनाखोड
सोवळं अजून चालू आहे हे ऐकून बरं वाटलं.

कोथरूडकर
म्हणजे अँटिव्हायरस घ्यायचाच नाही? डिफेंडरला आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

नट_बोल्ट
दहा-बारा वर्षांपूर्वी मीही मोजत नव्हतो, चाचण्यांत तो तळाला असायचा. आता जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट काय किंवा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज काय, तो वरच्या रांगेत बसतो. घरच्या वापराला पुरे. विकतचा घ्यायचा तर फोनवरची मदत आणि घरातल्या पाच यंत्रांचं एकत्र लायसन्स यासाठी घ्या, त्यात क्विक हीलही आलं. दुकानाचं किंवा छोट्या ऑफिसचं यंत्र असेल तर मी विकतचाच सुचवतो.

विमानतळ_रोड
कॅस्परस्की कसा? पकडण्यात तो बाप आहे.

सरिता_देवास
अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ना, रशियन म्हणून?

विमानतळ_रोड
ती त्यांची भांडणं. तुमची फुकटची चालते का? अव्हास्टने लोकांच्या ब्राउझिंगचा डेटा आपल्याच जम्पशॉट कंपनीमार्फत विकला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. रशियनाने बघितलं तर हेर, फुकट्याने विकलं तर मार्केटिंग.

पोहे_जिलेबी
स्वच्छतेत इंदूरचा देशात वर्षानुवर्षं पहिला नंबर, आणि आपल्या झेरॉक्सवाल्याकडे शॉर्टकट व्हायरस. ओला कचरा, सुका कचरा, तसा आता व्हायरस कचरा वेगळा करा. पिवळी गाडी येऊन घेऊन जाईल.

जोशीबुवा
थट्टा राहू द्या, केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' खरंच आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं, फेब्रुवारी २०१७ पासून. बॉट (संगणक परक्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढायची साधनं फुकट देतात. आणि मेघना, पैसे गेले नाहीत तरी तो नंबर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर कळव. पैसे गेले असतील तर पहिला तास सोडू नये.

विमानतळ_रोड
विंडोज १० चं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे मोफत अपडेट संपले. डिफेंडरच्या व्याख्या येत राहतील, पण भिंतीला भोक पडलं तर बुजवणार कोण?

नट_बोल्ट
बरोबर, मी विसरलोच होतो. वाढीव अपडेटला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तोवर बघा विंडोज ११ चालतंय का. नाहीच चाललं तर... तिरकस यांना फोन करा.

तिरकस
🙏

रामबागची_मेघना · १४ डिसेंबर
रिपोर्ट.

खिडकी: नोटिफिकेशनच्या यादीत सोळा साइट होत्या. एक ज्योतिषाची, दोन क्रिकेटच्या, बाकीची नावं वाचताही येत नव्हती. उडवल्या. खिडकी गेली. पाचशे रुपये × २ आठवून पोटात कालवलं.

भलतं पान: 'पीडीएफ जोडा' छापाचं एक्स्टेन्शन. स्तोत्रं एकत्र करायला बाबांनी घेतलेलं. काढलं, बाहेर पडून पुन्हा साइन इन केलं, नाही आलं.

आता मुख्य. एक्सक्लूजन्सची यादी उघडली तर त्यात अख्खा सी ड्राइव्ह! दुकानदाराने ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून डिफेंडरला सांगून ठेवलं होतं की इथे बघायचंच नाही. आणि विंडोज मुळात खरंच होतं, संगणकाबरोबर आलेलं. भाच्यालाही दुकानाच्याच पेन ड्राइव्हवरून टाकणं सोपं वाटलं. चौथ्यांदा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून मीच टाकलं. नेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. ऑफलाइन स्कॅनला काही मिळालं नाही, पण डी ड्राइव्हच्या स्कॅनमध्ये सात ठिकाणी वर्म.

मग पेन ड्राइव्ह साफ केला आणि मुद्दाम रिकामा झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले. लावला, काढला, घरी येऊन न उघडता स्कॅन केला. शॉर्टकट हजर. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तो तर सगळ्यांनाच येतो." सगळ्यांनाच!

सरिता_देवास
म्हणजे अख्ख्या रामबागेचा आजार त्या एका नळावरून. भांडलीस का?

रामबागची_मेघना
कशी भांडू, बाबांच्या वर्गातले. दोघं पन्नास वर्षं एकत्र पोहे खाताहेत. नट_बोल्ट यांनी शनिवारी येऊन त्यांचं मशीन साफ केलं आणि पैसे घेतले नाहीत, जाहीर आभार. बाबांना म्हटलं, पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवा, पेन ड्राइव्ह न्यायचं कारणच नाही. ते म्हणाले, मग तिथे जायचं कारणही नाही. पेन ड्राइव्ह चालू आहे. घरी आल्यावर आधी स्कॅन, मग उघडणे. बॅकअपसाठी एक डिस्क घेतली, महिन्यातून एकदा लावून काढून कपाटात. लष्करदादांची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यासाठी लगेच पैसे काढून दिले.

अँटिव्हायरस: डिफेंडर. कोथरूडकर, माफ करा.

कोथरूडकर
माफ केलं. पण अंघोळ करून येईपर्यंत उघडतो का आता?

रामबागची_मेघना
बाबा तक्रार करतात की अथर्वशीर्ष अर्धवट राहतं.

रामबागची_मेघना · ५ जानेवारी
धागा वर आणतेय, काम काही नाही. आज सकाळी बाबांनी नेमाने एक्सेल उघडली. मागच्या महिन्यात मी जुनाखोडकाकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला होता. आजच्या तारखेपुढे नवी ओळ आहे, 'जोशी (व्हायरस), देवास'. फोन नंबरच्या रकान्यात रेघ.

जोशीबुवा
माझाही टाकायला सांग. १९ ऑगस्ट.